अभिसरण समजून घ्यायचंय? काचेचा वाडगा, बर्फ आणि उदबत्ती घ्या

"गरम हवा वर जाते" हे वाक्य आपल्याला इतकं पाठ असतं, की ती वर का जाते असं कुणी विचारलं तर "गरम असते म्हणून" असं सांगून आपण मोकळे होतो. पण उष्णतेला वर-खाली काही कळत नाही. लोखंडी सळई बरोबर मध्यावर तापवली आणि उभी धरली, तर उष्णता सळईतून वरच्या टोकाकडे जशी जाते तशीच खालच्या टोकाकडेही जाते. मग पातेल्यातलं पाणी, खोलीतली हवा आणि एप्रिलमधलं पुण्याचं आभाळ यांच्यातच ही वर जाण्याची घाई कुठून येते?

शाळेत सातवी-आठवीत उष्णता पसरण्याच्या तीन रीती म्हणून वहन, अभिसरण आणि प्रारण ही त्रयी आपण घोकलेली असते. वहनात उष्णता पदार्थातून पुढे सरकते, पदार्थ जागचा हलत नाही; अभिसरणात द्रव किंवा वायू स्वतःच फिरून उष्णता घेऊन जातो. त्यातलं अभिसरण घरबसल्या नीट दिसू शकतं, एका सुट्टीच्या दिवशी आणि फारसा खर्च न करता. काचेचा जरा पसरट वाडगा, खाण्याचा रंग, ड्रॉपर, मीठ, बर्फाचा ट्रे, उदबत्ती. बहुतेक सामान स्वयंपाकघरात असतंच. रंग नसेल तर कुठल्याही किराणा दुकानात मिळेल. मुलं सोबत असली तर उत्तम, कारण ती मधेच "पण का?" विचारतात आणि या विषयात तेच हवं असतं.

पायरी १ : प्रवाह डोळ्यांनी बघा

एकाच उंचीचे चार कप घ्या. तीन कप पालथे ठेवून त्यांवर काचेचा वाडगा बसवा आणि त्यात साधं नळाचं पाणी भरा. आता पाच-दहा मिनिटं हात लावू नका. ही वाट बघणं टाळू नका, कारण ओततानाची हालचाल पाण्यात बराच वेळ रेंगाळते आणि मग दिसतं ते अभिसरण आहे की आपणच घुसळलेलं पाणी, हे कळत नाही.

पाणी शांत झालं की ड्रॉपर हळूच तळापर्यंत नेऊन मध्यभागी रंगाचा एक थेंब सोडा. रंग पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे तळाशीच बसून राहतो. मग चौथा कप उकळत्या पाण्याने काठोकाठ भरा आणि बरोबर त्या थेंबाखाली सरकवा.

थोड्या वेळात थेंबाच्या मधोमध एक बारीक शेंडी उभी राहते. ती वळवळत वर चढते, पृष्ठभागाला टेकते आणि छत्रीसारखी चहूबाजूंना पसरते. काचेच्या कडेपर्यंत पोचली की रंग फिका होत कडेकडेने खाली उतरतो आणि तळावरून पुन्हा मध्याकडे यायला लागतो. सगळे वर चढणाऱ्या शेंडीकडे बघतात. तुम्ही तळाकडे बघा. तळावरचा रंग कडेकडून मध्याकडे ओढला जातोय, म्हणजे मधलं पाणी जिथून वर गेलं ती जागा भरायला कडेचं थंड पाणी घुसतंय. वर जाणारा प्रवाह आणि खाली येणारा प्रवाह अशा दोन वेगळ्या गोष्टी इथे नाहीतच. ते एकच चक्र आहे.

पायरी २ : खरं कारण पकडा

हा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो, कारण यात घरातले बहुतेक सगळे पैज हरतात.

आदल्या रात्री पाण्यात खाण्याचा निळा किंवा लाल रंग कालवून बर्फाचे खडे करून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन सारखे ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात तीन-चार मोठे चमचे मीठ नीट विरघळवून. दोन्ही पाणी खोलीच्या तापमानाचं असू द्या. आता सगळ्यांना विचारा: बर्फ कुठे आधी वितळेल? "मिठाच्या पाण्यात!" असं एकमुखाने उत्तर येतं, कारण मीठ बर्फ वितळवतं हे सगळ्यांनी कुल्फीच्या मटक्यात पाहिलेलं असतं.

दोन्हीत एकेक खडा सोडा. साध्या पाण्यात खड्याखालून रंगीत धागे सुटतात आणि सरळ तळाकडे जातात. गार पाणी खाली घसरतंय, त्याच्या जागी कोमट पाणी येऊन खड्याला भिडतंय, आणि बर्फ भराभर झिजतोय. मिठाच्या पाण्यात मात्र एकही धागा खाली उतरत नाही. वितळलेलं रंगीत पाणी वरच्या वर थर करून बसतं आणि खडा त्या गार थरात निवांत तरंगत राहतो. तो वितळायला कितीतरी जास्त वेळ घेतो.

आता विचार करा. दोन्ही ग्लासांत वितळलेलं पाणी सारखंच गार आहे. "थंड खाली जातं" हा निसर्गनियम असता तर ते दोन्हीकडे खाली जायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण खाली काय जायचं हे तापमान ठरवत नाही, घनता ठरवते. बर्फाचं पाणी गोडं, भोवतालचं पाणी खारट आणि म्हणून जड. गार असूनही ते भोवतालच्या पाण्यापेक्षा हलकं पडलं आणि वर राहिलं.

म्हणजे साखळी अशी: तापमान बदललं की द्रव किंवा वायू प्रसरण किंवा आकुंचन पावतो, त्यामुळे तेवढ्याच जागेतलं वजन बदलतं, आणि जे जड त्याला गुरुत्वाकर्षण जास्त जोराने खाली ओढतं. जड खाली घुसलं की हलक्याला वर सरकण्याशिवाय पर्याय उरत नाही. गरम पाणी स्वतःहून वर "जात" नाही, थंड पाणी त्याला वर ढकलतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

ही साखळी गुरुत्वाकर्षणावर किती अवलंबून आहे, हे अंतराळ स्थानकात दिसतं. तिथे सगळं वजनरहित असल्याने जड-हलकं हा भेदच उरत नाही. मेणबत्तीची ज्योत तिथे वर निमुळती होत नाही. ती लहान, गोल आणि निळसर जळते. अंतराळवीरांच्या झोपायच्या जागीही पंखे हवा खेळती ठेवतात, नाहीतर त्यांनीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या तोंडाभोवती साचून राहील.

आकडे केवढे असतात?

फरक फार मोठा लागत नाही. २५ अंश सेल्सिअसचं एक लिटर पाणी सुमारे ९९७ ग्रॅम भरतं आणि ८० अंशांचं सुमारे ९७२ ग्रॅम. लिटरमागे जेमतेम २५ ग्रॅमच्या फरकावर पातेल्यातली सगळी उलथापालथ चालते. पाण्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा: ते सगळ्यांत जड असतं ४ अंशांना, त्याखाली गार करत गेलं की पुन्हा हलकं व्हायला लागतं. थंड देशांत तलाव वरून गोठतात ते यामुळेच.

हवेला वजन असतं हे आपण मान्य करतो, पण किती, हे ऐकलं की दचकतो. पुण्यातल्या दहा बाय दहा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत अंदाजे ३० किलो हवा असते. ती २० अंशांनी तापली तर त्याच जागेतलं वजन साधारण २ किलोंनी घटतं. तेवढी हवा फटींतून बाहेर गेलेली असते.

पायरी ३ : उलटं करून बघा, वरून तापवा

खालून तापवल्यावर अभिसरण होतं हे पाहिलं. वरून तापवलं तर? हलकं आधीच वर, जड आधीच खाली. ढकलाढकलीला कारणच उरत नाही.

हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्यासाठी बादलीत रॉड सोडणाऱ्यांना हे माहीत असतं. वरचं पाणी वाफाळत असतं, पण रॉडच्या वेटोळ्याखालचं पाणी गारच राहतं. मुद्दाम बघायचं असेल तर बादली तापल्यावर बटण बंद करा, प्लग काढा, रॉड बाहेर काढा आणि त्यानंतरच हात घाला. हा क्रम कुणालाही, कितीही घाई असली तरी, बदलू देऊ नका. मग हळूच बोटं खाली न्या. एका ठरावीक खोलीला कढत पाणी एकदम संपतं आणि खाली गार सुरू होतं. पाणी उष्णतेचं फार मंद वाहक आहे, तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी मंद. त्यामुळे वरची उष्णता नुसत्या वहनाने तळापर्यंत पोचायला तासन्‌तास लागतील. म्हणून आई "आधी तांब्याने ढवळ" म्हणते.

गीझर बनवणाऱ्यांनी याच गुणाचा फायदा घेतलाय. टाकीत गार पाणी तळाशी सोडतात आणि बाहेर जाणारी नळी टाकीच्या माथ्यापासून पाणी उचलते. नळ चालू असताना गार पाणी आत येत असतं, तरी ते वरच्या गरम पाण्यात लगेच मिसळत नाही.

पायरी ४ : हवेतलं अभिसरण, उदबत्तीने

पंखा बंद, खिडक्या बंद. पंखा चालू असेल तर तेही अभिसरणच, पण जबरदस्तीचं. आपल्याला आत्ता वजनाच्या फरकाने होणारं बघायचंय.

उदबत्ती लावून उभी खोचा. धूर आधी वीतभर सरळ रेघेत चढतो, मग रेघ डुलायला लागते आणि शेवटी गुंतवळ होते. हवा तीच आणि धूर तोच, पण वर जाताना प्रवाहाचा वेग आणि जाडी वाढत जाते आणि एका टप्प्यानंतर त्याला सरळ राहता येत नाही.

आता तीच उदबत्ती घेऊन फ्रिजपाशी जा. दार थोडं उघडा आणि फटीच्या खालच्या टोकाशी उदबत्ती धरा. धूर बाहेर, तुमच्या पायांकडे ढकलला जाईल. वरच्या टोकाशी धरा, तो आत ओढला जाईल. गार जड हवा खालून सांडतेय आणि तिची जागा घ्यायला खोलीतली हवा वरून शिरतेय. एवढं बघून दार लावा, दूध नासायला नको. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझर वर का असतो, आणि फ्रिजच्या जाळीच्या कप्प्यांवर वर्तमानपत्र अंथरू नये असं का सांगतात, हेही इथेच समजतं. कागदाने गार हवेचा खाली यायचा रस्ता अडतो.

पायरी ५ : कधी होत नाही, ते बघा

एकाच शेगडीवर एकीकडे पाणी आणि दुसरीकडे पिठलं ठेवा. पाण्याला कुणी ढवळायला लागत नाही. पिठलं दोन मिनिटं सोडलं तर बुडाला लागतं. तळाचं पिठलं तापून हलकं झालेलं असतं, पण घट्टपणामुळे त्याला जागचं हलता येत नाही. उष्णता तळाशीच साचते आणि शेवटी वाफेचा बुडबुडा फटकन फुटून शेगडीभर शिंतोडे उडवतो. खीर, पाक, आटवलेलं दूध, सगळ्यांची हीच गत. चमच्याने ढवळणं म्हणजे पदार्थाला जे जमत नाही ते आपण हाताने करणं.

तेव्हा हलकं-जड हा फरक असला म्हणजे अभिसरण होतंच असं नाही. त्याला दोन विरोधक आहेत. एक घट्टपणा. दुसरा उष्णतावहन, कारण गरम थर वर सरकेपर्यंत आपली उष्णता शेजाऱ्यांना देऊन टाकतो आणि हलकेपणच गमावतो. या झटापटीत कोण जिंकेल याचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१६ साली मांडलं. त्यात सगळ्यांत परिणामकारक घटक आहे थराची जाडी: ती दुप्पट झाली की अभिसरणाच्या बाजूचं पारडं आठपट जड होतं. स्वेटर ऊब देतो तो याच कारणाने. लोकरीत अडकलेले हवेचे कप्पे इतके लहान असतात, की आतल्या हवेला फिरताच येत नाही.

रॅले हे गणित करत होते ते फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेनार यांच्या १९०० सालच्या प्रयोगांचा अर्थ लावायला. बेनार यांनी द्रवाचा पातळ थर खालून तापवला, तेव्हा पृष्ठभागावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी उमटली होती. गंमत अशी, की पन्नास-एक वर्षांनी लक्षात आलं, त्या पातळ थरांतली नक्षी मुख्यतः पृष्ठताणामुळे होती. तापलेल्या जागी पृष्ठताण कमी होतो आणि पृष्ठभागच गारव्याकडे ओढला जातो. रॅले यांचं गणित बरोबर होतं, फक्त ते ज्या प्रयोगासाठी केलं त्याला ते पुरतं लागू नव्हतं. पुढे जाड थरांच्या प्रयोगांत ते चोख उतरलं.

अशी नक्षी घरी बघायला कोरा चहा पुरेसा आहे. गडद कपात कडकडीत कोरा चहा ओता आणि खिडकीतून तिरपा उजेड पडेल असा ठेवा. पृष्ठभागावर पांढुरके ठिपके दिसतील आणि त्यांच्यामधून काळ्या रेघा जातील. पांढुरक्या भागात गरम चहा वर येतोय आणि त्यावर वाफेचे अतिसूक्ष्म थेंब तरंगतायत. काळ्या रेघांत निवलेला चहा खाली बुडतोय.

पायरी ६ : मान वर करा

हाच खेळ पुण्यावर किलोमीटरभर उंचीच्या हवेत रोज चालतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर पर्वतीवर जा. शहरावर धुराचा सपाट करडा थर पसरलेला असतो. रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवा असते. रॉड लावलेल्या बादलीसारखीच स्थिती: हलकं वर, जड खाली, सगळं ठप्प. खाली कुठे पालापाचोळा जाळला असेल तर धूर थोडा चढतो आणि आडवा होतो. ऊन चढलं, जमीन तापली, की थर खालून ढवळायला लागतो आणि विरतो.

घारींवर लक्ष ठेवा. भल्या पहाटे त्यांना उडायला पंख मारावे लागतात. दहा-अकराच्या सुमारास त्या पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जायला लागल्या, की समजा त्यांच्याखाली तापलेल्या हवेचा खांब उभा राहिला. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारेही याच खांबांच्या शोधात असतात.

वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी गार होते, कारण वर दाब कमी असल्याने ती फुगते आणि फुगण्यात तिची ऊर्जा खर्च होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगड सुमारे १३०० मीटरवर. उन्हाळ्याच्या दुपारी गडावर सहा-सात अंशांचा दिलासा मिळतो तो या हिशोबाने. हवेत बाष्प असेल तर एका ठरावीक उंचीला त्याचे थेंब व्हायला लागतात. दुपारच्या कापशी ढगांचे तळ एकाच पातळीवर सपाट कापल्यासारखे दिसतात, ती ही उंची. थेंब होताना बाष्प आपली उष्णता सोडतं, किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल. त्याने ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा आणखी उबदार, आणखी हलकी राहते आणि ढग उंच चढत जातो. एप्रिल-मेमध्ये हे मनोरे दहा-बारा किलोमीटर आणि त्याहूनही वर पोचतात.

मग वळीव येतो. पण पहिला थेंब पडायच्या आधी काय येतं? गार झोत. धूळ उडते, दारं आपटतात, वाळत घातलेले कपडे गोळा करायची धावपळ होते. ढगातून पडणारा पाऊस वाटेत थोडा वाफ होऊन हवा गार करतो, ती जड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते. चढत्या ढगाकडे सगळे बघतात. अभिसरणाचा खाली येणारा अर्धा भाग मात्र आपल्याला थेट अंगावर जाणवतो तो असा. या विषयात पुणेकरांना एक सोय आहे, तो शिकलेली माणसं आपल्याच शहरात आहेत. हवामान खात्याचं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून शिवाजीनगरला आलं (रिक्षावाल्याला "सिमला ऑफिस" सांगितलं तरी पुरतं), आणि पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २००९ पासून विमानं ढगांत नेऊन मोजमापं घेते.

पायरी ७ : शेवटी गच्चीवर जा

समजलं की नाही हे तपासायला सोसायटीच्या गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर उत्तम. काळ्या सपाट पेट्यांच्या साध्या सोलरमध्ये पंप नसतो. टाकीच्या तळातून गार पाणी पाईपने पेटीच्या खालच्या टोकाला जातं, तापतं, आणि टाकीतून उतरणारं जड पाणी त्याला वर ढकलत पुन्हा टाकीत नेऊन सोडतं. म्हणून टाकी पेटीच्या वर, शक्यतो फूटभर तरी उंच हवी. टाकी खाली बसवली तर दिवसा पाणी फिरणार नाही. फार जवळ असेल तर रात्री पेटीत गार पडलेलं पाणी उलटं फिरून टाकीतली ऊब बाहेर काढू शकतं. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये तर एकेका नळीतच चक्र चालतं: उन्हाकडच्या बाजूने पाणी वर, खालच्या बाजूने टाकीतलं गार पाणी आत.

स्वच्छ ऊन असताना अकरा-बाराच्या सुमारास पेट्यांच्या सोलरचे दोन्ही पाईप बघा. जिथे पाईपवर आवरण नाही तिथे बोट क्षणभरच लावायचं, चटका बसतो. वरचा पाईप कढत आणि खालचा बराच गार असेल तर चक्र सुरू आहे. पेटी कडकडीत तापलीय आणि वरचा पाईप मात्र थंडगार, तर पाणी कुठेतरी अडलंय. बहुतेक वेळा वरच्या पाईपला मधेच कुबड असतं आणि त्यात हवा साठलेली असते. हा पाईप पेटीपासून टाकीपर्यंत सलग चढता हवा. आमच्या इमारतीत नेमकं हेच झालं होतं आणि दुरुस्तीवाल्याने सरळ नव्या टाकीचा खर्च सांगितला होता. तेव्हा प्लंबर आला की आधी पाईपचा चढ तपासायला सांगा, अडकलेली हवा काढायला लावा, आणि नव्या टाकीचं त्यानंतर बोला.